कंपनीची पाळत कुठवर पोहोचते आणि तिच्याबाहेर कसे राहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या विजय नगरमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षे नोकरी करणारे एक गृहस्थ आठवड्यातून तीन दिवस सुदामा नगरातील आपल्या घरून काम करतात. गेल्या महिन्यात कंपनीने त्यांच्या लॅपटॉपवर देखरेखीचे सॉफ्टवेअर बसवले. ते दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट घेते, कीबोर्ड आणि माऊस किती वेळ चालला ते मोजते आणि संध्याकाळी प्रत्येकाची टक्केवारी मॅनेजरकडे पाठवते. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: हे कायदेशीर आहे का, माऊस आपोआप हलवत राहणारे यंत्र मागवावे का, आणि नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम सुरू केले तर यातून सुटका होईल का.

मी तेवीस वर्षे इंदूरमध्ये कंपन्यांचे सर्व्हर, नेटवर्क आणि लॅपटॉप सांभाळत आलो आहे. त्यांतली शेवटची आठ वर्षे स्वतंत्रपणे. अशी सॉफ्टवेअरे मी स्वतः बसवलेली आहेत आणि त्यांचे डॅशबोर्ड, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एकत्र दाखवणारी पाने, उघडून पाहिलेले आहेत. त्यामुळे माझे उत्तर पडद्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाचे आहे, असे समजावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर नुकसान मोठे आहे. ते यंत्र मागवू नका. यूएसबीत खोचायचे यंत्र असेल तर लॅपटॉपला जोडल्या क्षणी त्याची निर्मात्याच्या क्रमांकासह नोंद होते. सॉफ्टवेअर असेल तर ते चालू प्रोग्रॅमच्या यादीत दिसते. ज्या फिरत्या तबकडीवर माऊस नुसता ठेवायचा असतो, तिची नोंद होत नाही हे खरे. पण माऊस चाळीस मिनिटे हलतो आहे, कीबोर्डवर एकही कळ दाबली गेलेली नाही आणि चारही स्क्रीनशॉट हुबेहूब एकसारखे आहेत, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने मे २०२४ मध्ये कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आजपर्यंत वादाचा विषय कंपनीची पाळत योग्य आहे की अयोग्य हा आहे. ते यंत्र सापडले की त्याच दिवशी वादाचा विषय तुमचा प्रामाणिकपणा होतो. सहा वर्षांच्या चोख कामावर काही शे रुपयांच्या यंत्रापायी पाणी सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

आता ही पाळत प्रत्यक्षात काय पाहते ते सांगतो, कारण बहुतेकांची भीती चुकीच्या जागी असते. लोक कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात आणि त्याच लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून घरच्यांशी बोलत राहतात. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाही, हे बरोबर आहे. पण तो तुमच्या पडद्यावर उघडा असताना स्क्रीनशॉट घेतला गेला, तर त्या कुलुपाचा काही उपयोग उरत नाही. दर दहा मिनिटांनी एक म्हणजे नऊ तासांत ५४ आणि महिन्याच्या २२ दिवसांत १,१८८ स्क्रीनशॉट होतात. साठ जणांच्या कार्यालयात हा आकडा एका महिन्यात ७१,२८० वर जातो. ही चित्रे रोज बसून कोणी पाहत नाही. ती साठून राहतात, आणि एखाद्याशी बिनसले की त्याच्या नावाने शोधली जातात. धोका या साठ्याचा आहे.

ब्राउझरचेही तसेच आहे. पत्त्याच्या शेजारी कुलूप दिसले की मधले कोणी वाचत नाही, असे आपण धरून चालतो. कंपनीच्या लॅपटॉपवर मात्र अ‍ॅडमिन, म्हणजे कंपनीची यंत्रणा सांभाळणारा माणूस, स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर ब्राउझर बाकीची प्रमाणपत्रे खरी मानतो ते) बसवू शकतो, आणि मग कंपनीची फायरवॉल, म्हणजे आत-बाहेर जाणारी माहिती तपासणारी यंत्रणा, ती कुलूपबंद वाहतूक मध्येच उघडून, तपासून, पुन्हा बंद करून पुढे पाठवते. हे स्वतः पडताळता येते. एखादे नेहमीचे संकेतस्थळ उघडून त्या कुलपातून, किंवा क्रोममध्ये आता त्याच्या जागी दिसणाऱ्या चिन्हातून, प्रमाणपत्राची माहिती पाहा. ते देणाऱ्याच्या जागी तुमच्या कंपनीचे किंवा एखाद्या फायरवॉलचे नाव दिसले, तर तुमची वाहतूक उघडली जात आहे. बँकांची संकेतस्थळे सहसा यातून वगळलेली असतात, पण ती वगळायची की नाही हे तो अ‍ॅडमिन ठरवतो. कार्यालयाच्या चॅटमध्ये तुम्ही पुसलेला संदेश कंपनीने जपून ठेवण्याचा नियम लावलेला असेल तर नंतरही शोधून काढता येतो. टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन चॅट अ‍ॅपमध्ये नावाशेजारी दिसणारा हिरवा ठिपका पाच मिनिटे हालचाल झाली नाही की पिवळा होतो. त्यापलीकडे त्याला काही कळत नाही, तरी त्याच्यावरून माणसांची पारख करणारे मॅनेजर मी पाहिले आहेत.

स्वतःच्या मोबाइलची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिथे तुमच्या हातात बरेच काही आहे. कंपनीचा मेल फोनवर हवा असेल तर अँड्रॉइडमध्ये कामाचे वेगळे प्रोफाइल बनवता येते. त्यातल्या अ‍ॅपवर छोट्या ब्रीफकेसचे चिन्ह दिसते. स्वतःच्या मालकीच्या फोनवर असे प्रोफाइल असेल तर कंपनीला तुमची खासगी अ‍ॅप, फोटो किंवा संदेश दिसत नाहीत, आणि नोकरी सुटल्यावर ती फक्त कामाचा भाग पुसू शकते. संपूर्ण फोनचा ताबा मागणारे अ‍ॅप मात्र स्वतःच्या फोनवर घेऊ नका. त्याऐवजी कामाचे प्रोफाइल द्या, असे लेखी मागा. नकार मिळाला तर कंपनीने फोन द्यावा, ही मागणी रास्त आहे.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगतो, त्यामागे एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत डिस्क भरत आली म्हणून मी स्क्रीनशॉटचे फोल्डर तपासत होतो. फाइल खराब झाल्या आहेत का, हे पाहायला मधलेच एक चित्र उघडले. ते एका मुलीच्या लॅपटॉपवरचे होते. पडद्यावर तिच्या आईचा बायोप्सीचा रिपोर्ट उघडा होता, वर आईचे नाव आणि वय. वेळ दुपारची एक वाजून बारा मिनिटे, म्हणजे जेवणाची सुट्टी. मी ते बंद केले, पण वाचून झाले होते. पुसता येत नव्हते, कारण नव्वद दिवस काहीही पुसायचे नाही असा नियम मीच त्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेला होता. त्या मुलीने तोवर ही गोष्ट कार्यालयात कोणाला सांगितलेली नव्हती. पुढचे कित्येक दिवस ती जिन्यात भेटली की मला तिच्याकडे पाहवत नसे. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो आहे की, कंपनीच्या यंत्रावर रिपोर्ट, बँक, मुलांच्या शाळेचे अर्ज, नव्या नोकरीचा शोध यांपैकी काहीही उघडू नका. घरी जुना, हळू चालणारा का होईना, स्वतःचा लॅपटॉप असू द्या, आणि कार्यालयात असाल तेव्हा कंपनीच्या वाय-फायऐवजी स्वतःच्या मोबाइलचे इंटरनेट वापरा.

ही मोजणी कामही नीट मोजत नाही. एकदा मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून मी तो डॅशबोर्ड समजावून देत होतो. नावांपुढे हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्या होत्या. चाचणी विभागातील एका बाईंची पट्टी पंचेचाळीस मिनिटे लाल होती. मॅनेजर उठून त्यांच्या जागेवर गेले, मीही मागोमाग गेलो. बाईंसमोर वहीचे पान होते, त्यावर पेन्सिलीने चौकोन आणि बाण काढलेले. आठवडाभर कोणालाच न सापडलेली चूक त्या कागदावर शोधत होत्या आणि त्याच दुपारी ती त्यांना सापडली. त्या दिवशीच्या अहवालात त्यांचा क्रमांक शेवटून दुसरा होता. विचार करणाऱ्या माणसाचे हात थांबलेले असतात, हे सॉफ्टवेअरला समजण्याची सोयच नाही. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर या सुविधेत एकेका कर्मचाऱ्याची नावे दाखवणे २०२० च्या डिसेंबरमध्ये, जगभरातून टीका झाल्यावर, बंद केले.

कायद्याचे उत्तर तुम्हाला पूर्ण समाधान देणारे नाही, तरी ते जसे आहे तसे समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, परंतु हा हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध वापरता येतो; खासगी कंपनीविरुद्ध त्याच्या आधाराने थेट दाद मागणे अवघड आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि व्यापारी गुपिते, हेरगिरी यांसारख्या बाबींत मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला वेगळ्या संमतीची गरज ठेवलेली नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. माझ्या माहितीत आणि माझ्या मतात फरक करून सांगायचा तर, कंपनीच्या मालकीच्या लॅपटॉपवर, आधी कळवून, कामाच्या वेळेत केलेली देखरेख आपल्याकडे बेकायदा ठरवणे कठीण आहे, ही माहिती. आणि नोकरीसाठी दिलेली ही सूट फार सैल आहे, हे माझे मत.

तरी कंपनीचे हात अगदी मोकळे नाहीत. गोळा केलेल्या माहितीची वाजवी सुरक्षा ठेवणे तिच्यावर त्याच कायद्याने बंधनकारक केले आहे आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत पासवर्ड, आर्थिक माहिती, आरोग्य आणि बायोमेट्रिक माहिती संवेदनशील मानून ती गोळा करण्यासाठी लेखी संमती मागितली आहे. त्यामुळे दाबलेली प्रत्येक कळ जशीच्या तशी टिपणारे सॉफ्टवेअर आणि नुसती कळांची संख्या मोजणारे सॉफ्टवेअर यांत मोठा फरक आहे, आणि तुमच्याकडचे कोणते आहे हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण आधार आहे. परदेशी निकाल आपल्याला लागू नाहीत, पण युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये रोमानियातील एका अभियंत्याच्या खटल्यात लावलेली कसोटी बोलणी करताना उपयोगी पडते: देखरेखीची कल्पना आधी दिली होती का, ती किती खोलवर गेली, तिला रास्त कारण होते का, आणि कमी घुसखोरीचा उपाय उपलब्ध होता का.

या चार प्रश्नांपैकी शेवटचा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण धंद्यातले आहे. मी हाताळलेल्या अशा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सौम्य करण्याच्या सोयी आधीपासून होत्या. स्क्रीनशॉट धूसर करता येतो किंवा अगदी बंद ठेवता येतो. कामाची वेळ भरून दिली की त्या वेळेबाहेर नोंद होत नाही. ठरावीक अ‍ॅप वगळता येतात, साठवण नव्वदऐवजी पंधरा दिवसांवर आणता येते, कोण पाहू शकेल हे एकेका नावाने ठरवता येते. पण बसवताना कोणी विचारत नाही, म्हणून मूळ रचना जशी येते तशीच राहते. बहुतेक वेळा मालकाच्या मनात दुष्टावा नसतो. त्याने विकत घेतले, आमच्यासारख्याने बसवले आणि विषय संपला. एका कंपनीतील पाच जणांनी मिळून एक सभ्य मेल लिहिला. नोंद कशाकशाची होते, कोण पाहते, किती दिवस ठेवतात, संध्याकाळी सातनंतर ती बंद ठेवता येईल का, आणि स्क्रीनशॉटऐवजी आठवड्याच्या कामाची यादी चालेल का, एवढेच त्यात होते. मालकांनी मला बोलावले आणि विचारले की हे जमते का. सातनंतरची नोंद बंद करायला आणि स्क्रीनशॉट धूसर करायला मला वीस मिनिटे लागली. त्या पाच जणांना आधी दोन महिने धीर झाला नव्हता.

तुम्हीही तसेच करा, मात्र एकट्याने करू नका. चार-पाच सहकारी मिळून, तक्रारीच्या सुरात न लिहिता, विचारणा म्हणून लिहा. पर्यायाची बाजू तुम्ही स्वतः मांडा: सोमवारी काय करणार ते लिहून देऊ, शुक्रवारी काय झाले ते दाखवू. मोजायला दुसरे काही नसले की मॅनेजर माऊसच मोजतो. आणि नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, देखरेखीच्या धोरणावर सही केलेली असेल तर त्याची प्रत, हे सर्व मिळत असतानाच घरी जपून ठेवा. आमचे वडील इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये मोकळे व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. वडिलांनी पगाराच्या चिठ्ठ्या आणि तिकीट नंबरचे कार्ड पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. दावा भरताना आईला ते कागद लागले. नोंद फक्त मालकाच्या कपाटात असू नये, हे मी तिथे शिकलो.

त्याच मिलची आणखी एक गोष्ट या विषयाशी जोडलेली आहे. मिलमध्ये पाळत नव्हती असे कोणी म्हणू नये. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, डोक्यावर उभा असे, हजेरीला दोन मिनिटे उशीर झाला तर खाडा पडे. पण भोंगा वाजला की ते सगळे फाटकाच्या आत राहत असे, आणि वडील घरी आल्यावर त्यांना विचारणारे कोणी नसे. आज साहेब उठेपर्यंत खुर्चीत बसून राहायची जुनी सवय हिरव्या ठिपक्याच्या रूपाने घरात आली आहे आणि रात्री दहाला जेवणाच्या ताटावरून उठून उत्तर देणारी मुले मला ठाऊक आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाबत कर्मचाऱ्यांशी बोलणी करणे बंधनकारक आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी याच हेतूने लोकसभेत खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झालेला नाही. तोवर हे काम तुम्हालाच करावे लागेल. फोनवरच्या कामाच्या प्रोफाइलला बंद करण्याचे एक बटण असते. ते संध्याकाळी ठरलेल्या वेळी दाबा, लॅपटॉप झोपवून न ठेवता पूर्ण बंद करा, आणि तातडी असेल तर साधा फोन करावा, असे मॅनेजरना आधीच सांगून ठेवा. पहिले दोन आठवडे जड जातात, नंतर लोक धरून चालतात.

आता नोकरी सोडण्याविषयी. स्वतंत्र होणे म्हणजे पाळतीतून सुटणे, असे गृहीत धरू नका. अपवर्क या स्वतंत्र कामे मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर तासाच्या दराने काम घेतले तर त्यांचे डायरीचे सॉफ्टवेअर तासाला सहा वेळा स्क्रीनशॉट घेते, कळा आणि क्लिक मोजते. एखादा स्क्रीनशॉट तुम्ही पुसू शकता, पण त्या दहा मिनिटांचे पैसे जातात. म्हणजे ज्यासाठी विजय नगर सोडले तेच सुदामा नगरात येऊन बसले. ठरावीक रकमेच्या कामात ही डायरी लागत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून काम तासांवर न घेता टप्प्यांवर घेण्याची सवय लावा: काय देणार, कधी देणार, किती वेळा बदल करून देणार आणि प्रत्येक टप्प्याला किती पैसे. असा करार लिहायला शिकणे हे नव्या व्यवसायातले सर्वांत उपयोगी कौशल्य आहे. माझ्या आठ वर्षांच्या स्वतंत्र कामात माझा पडदा पाहू देण्याची अट ज्यांनी घातली, ते ग्राहक पैशांच्या बाबतीतही त्रासदायक निघाले, असा माझा अनुभव आहे.

सोडण्याआधीची तयारी कंटाळवाणी आहे, पण ती आधी करा. आरोग्य विमा नोकरीत असतानाच स्वतःच्या नावे घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते आणि कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो. पाच वर्षांची सलग सेवा झालेली असल्याने ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे, तिचा अर्ज लेखी द्या. सेवा क्षेत्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. परदेशी ग्राहक असतील तर सीएला आधी भेटा. दोन वर्षे स्पर्धक कंपनीत काम करणार नाही, अशी अट करारात असली तर घाबरून जाऊ नका: भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी संपल्यानंतर रोजगाराला आडकाठी करणारी अट सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते.

त्यामुळे राजीनाम्याच्या आसपासचे दिवस सर्वांत जपून वागण्याचे असतात. राजीनामा आला की अ‍ॅडमिनला त्या नावाच्या जुन्या नोंदी काढायला सांगतात, आणि पहिली शोधाशोध पेनड्राइव्ह आणि स्वतःच्या जीमेलवर पाठवलेल्या फाइलींची होते. तुम्ही स्वतः लिहिलेला कोडही कंपनीचाच असतो, नमुना म्हणूनसुद्धा तो घरी नेऊ नका. ब्राउझरमध्ये स्वतःच्या गुगल खात्याने साइन इन केलेले असेल तर साठवलेले पासवर्डही त्या यंत्रावर उतरलेले असतात. तिथून साइन आउट करा, स्वतःच्या फोनवरून गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ते उपकरण काढून टाका आणि महत्त्वाचे पासवर्ड बदला. लॅपटॉप मात्र स्वतः फॉरमॅट करू नका, पुरावा नष्ट केला असा अर्थ त्यातून काढला जातो. तो चार्जर आणि बॅगेसह आयटी विभागाच्या हातात द्या, सिरीयल नंबर आणि तारीख लिहिलेली पोचपावती सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि ती नेमणूकपत्राच्या शेजारी ठेवा.